विमानाचा बोल्ट चुकतो कसा? मेंटेनन्सची गोष्ट, सोप्या भाषेत

९ जून २०२५ ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. विमानतळाजवळच्या साखर कारखान्याच्या चिमणीच्या वादात किती वर्षं गेली ते सोलापूरकरांना सांगायला नको, ती २०२३ ला पडली, मग तारखा पुढे पुढे जात राहिल्या, आणि शेवटी एकदाचं विमान उडालं तर तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाचा तो अपघात झाला आणि २६० माणसं गेली. आमच्या शेजारच्या मावशींनी लेकीकडे गोव्याला जायचं तिकीट काढून ठेवलेलं. त्या संध्याकाळी घरी आल्या आणि सरळ विचारलं, "काय रे, ह्या विमानाचे नटबोल्ट कोण बघतंय? आणि बघणाराच चुकला तर?"

अहमदाबादबद्दल मी अंदाज बांधणार नाही. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच बंद स्थितीत गेले एवढं प्राथमिक अहवालात आलंय, पुढचं चौकशीवाले बघतील. पण मावशींचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण माझे वडील, आप्पा, तीसेक वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. चांगला, मन लावून काम करणारा माणूस चुकतो कसा, हे मी घरातच बघितलंय.

आधी हे, विमान बघतं कोण

विमान दुरुस्त करून "आता हे उडू शकतं" अशी सही करणारा माणूस म्हणजे एएमई, देखभाल इंजिनिअर. त्याला लायसन डीजीसीए देतं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं खातं. परीक्षा, मग काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, मग त्या त्या जातीच्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग. एका विमानाचं लायसन आहे म्हणून दुसऱ्या जातीच्या विमानावर सही करता येत नाही.

तपासणीही एकच नसते. रोजची वेगळी, काहीशे तास उडाल्यावर ए चेक, दीड-दोन वर्षांनी सी चेक ज्यात विमान कितीतरी दिवस उभंच असतं, आणि काही वर्षांनी एकदा तर सीटा, पॅनल, फरशी सगळं काढून आतला सांगाडा उघडा करतात. आपण दिवाळीला घर काढतो ना, माळ्यावरचं सगळं खाली, तसं. आपल्या राज्यात नागपूरच्या मिहानमध्ये अशी मोठी कामं होतात. प्रत्येक कामाला जॉब कार्ड असतं, कार्डावर कामाच्या पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीपुढे सही.

इतकं असून चूक होते. ती कशी, हे एका उदाहरणात नीट बघू, कारण त्यात जवळजवळ सगळं आलंय.

सुताचा पाचवा भाग

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. १३ मिनिटांनी, १७ हजार फुटांच्या वर, कॅप्टनच्या समोरची काच सगळीच्या सगळी उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय आणि कंबर धरून ठेवली, को-पायलटने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा, आणि काही महिन्यांनी तो परत विमान चालवायला लागला.

ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत, नवीन बसवलेली होती. ९० बोल्ट. त्यातले ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंच कमी होते. म्हणजे किती? आपल्याकडे वर्कशॉपमध्ये बोल्ट सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर हा फरक त्या एका सुताच्या साधारण पाचव्या भागाएवढा. उरलेले ६ जाडीला बरोबर होते पण लांबीला आखूड.

आता ते बसवणारा माणूस कोण होता? शिकाऊ नाही. त्या पाळीचा मॅनेजर, अनुभवी, चांगलं नाव असलेला. त्या रात्री माणसं कमी होती म्हणून काम अडू नये म्हणून तो स्वतः उठून कामाला लागला, आणि खरंतर आपण अशा माणसाचं कौतुकच करतो. त्याने जुना बोल्ट काढला आणि तसाच नवीन आणायला स्टोअरमध्ये गेला. स्टोअरवाल्याने सांगितलं की ह्या काचेला दुसऱ्या साइझचे लागतात. पण हे जुने तर इतके दिवस टिकलेत ना, मग तेच बरोबर असणार असं त्याला वाटलं (ते जुनेच मुळात थोडे आखूड होते, पण जाडी बरोबर असल्यामुळे धरून होते). तिथे तेवढे बोल्ट मिळाले नाहीत म्हणून गाडी काढून दुसरीकडच्या कप्प्यांवर गेला, तिथे उजेड कमी, कप्प्यांवरची लेबलं नीट दिसत नव्हती, जवळचं बघायचा चष्मा लावलेला नव्हता, आणि त्याने हातातला बोल्ट नवीन बोल्टाशेजारी धरून नजरेने जुळवला. हार्डवेअरच्या दुकानात आपण सगळे हेच करतो, "असाच द्या". काच बसवताना पाय ठेवायचा स्टँड नीट जागेवर नव्हता, त्यामुळे ताणून, एका बाजूने वाकून काम केलं, तिथून बोल्टाचं डोकं खाचेत नीट बसतंय की नाही ते दिसतच नव्हतं. आणि शेवटची गोष्ट, काच हे काम दुसऱ्या माणसाने तपासायलाच पाहिजे अशा यादीत नव्हतं. म्हणून दुसरं कुणी बघितलंच नाही.

ह्यातली कुठलीही एक गोष्ट वेगळी झाली असती तर काच राहिली असती, मला सगळ्यात जास्त हे टोचतं. चष्मा, किंवा एक ट्यूबलाइट.

कुकरचं झाकण

बोल्ट इतके महत्त्वाचे का होते, तर वर गेल्यावर बाहेर हवा विरळ असते आणि आत आपल्याला श्वास घेता यावा म्हणून हवा दाबून भरलेली असते. विमान आतून फुगत असतं म्हणा ना. घरात कुकर दोन प्रकारचे असतात. एकाचं झाकण आतून बसतं, वाफ वाढली की ते आणखी घट्ट होतं. दुसऱ्याचं वरून बसतं, वाफ त्याला बाहेर ढकलते आणि खाचा त्याला धरून ठेवतात. ही काच दुसऱ्या प्रकारची, बाहेरून बसवलेली होती. जितकं विमान वर तितका दाब जास्त, आणि सगळा भार त्या ९० बोल्टांवर. काच आतून बसणारी असती तर बोल्ट बारीक असूनसुद्धा दाबाने ती उलट जागेवर राहिली असती. म्हणजे डिझाइन करतानाच "बसवणारा कधीतरी चुकणार" हे धरून चाललं तर चूक होऊनही माणूस वाचतो.

खडूची फुली

आता आप्पांचं सांगतो. साल आठवत नाही, मी सातवी-आठवीत असेन. रात्रपाळी संपत आलेली, आप्पा एका मागाचा नट बसवत होते, हाताने फिरवून झालेला, पान्याने आवळायचा बाकी. तेवढ्यात पलीकडचा माग बंद पडला, हाक आली, आप्पा गेले. ते काम झालं तोवर पाळी बदलली. सकाळचा जॉबर आला, त्याने बघितलं, नट जागेवर आहे, माग चालू केला. तासाभरात नट ढिला होऊन धोटा (आडवा धागा नेणारा भाग) उडाला आणि शेजारच्या मागावरच्या बाईच्या खांद्याला लागला. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांच्या खिशात कायम खडू असायचा. नट ढिला केला की आधी मागाच्या चौकटीवर पांढरी फुली, मग काम. पान्याने आवळून झाल्यावरच फुली पुसायची. कुणी हाक मारली तर जायचं, पण फुली तशीच. सकाळच्या जॉबरलाही सांगितलं, फुली असलेला माग चालू करायचा नाही, मालक ओरडला तरी.

हेच, अगदी हेच, ११ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत टेक्सासमध्ये झालं आणि १४ माणसं गेली. कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर १२० जातीचं छोटं पंख्याचं विमान. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ साचू नये म्हणून रबराची पट्टी असते, ती बदलायची होती. आदल्या रात्री एका पाळीने दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले. पाळी बदलली. पुढच्या पाळीने उजव्या बाजूची पट्टी बदलली आणि डाव्या बाजूचं काम त्या रात्री करायचं नाही असं ठरलं, पण डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू आधीच निघालेत हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. खालचे स्क्रू जागेवर होते त्यामुळे खालून बघणाऱ्याला सगळं ठीक. त्या विमानाची शेपटी इंग्रजी टी सारखी, आडवा पंख एकदम वर, त्याची वरची बाजू जमिनीवरून दिसतच नाही. सकाळची पहिली फेरी झालीसुद्धा. परतीच्या फेरीत ती कड उखडली.

४७ स्क्रू विसरले म्हटलं की आपल्याला वाटतं किती बेफिकीर लोक. पण कुणीच विसरलं नव्हतं. काढणाऱ्याला माहीत होतं, बसवणाऱ्याला माहीत नव्हतं, मध्ये फुली नव्हती. म्हणूनच आता काम अर्धवट सोडलं तर कार्डावर लिहिल्याशिवाय पाळी सोडायची नाही आणि तोंडी सांगायचं ते लिहिलेल्याच्या बरोबर, त्याच्या ऐवजी नाही, असा नियम असतो. आणि कामात मध्येच कुणी हाक मारली तर परत आल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन सुरू करायचं, असं मेंटेनन्सच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

पण इंजिनं दोन असतात ना?

हा प्रश्न मावशींचा. दोन असतात, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान उतरतं, बरोबर. अडचण तेव्हा येते जेव्हा एकच हात दोन्ही इंजिनांना लागतो. ५ मे १९८३ ला ईस्टर्न एअर लाइन्सचं तीन इंजिनांचं मोठं विमान मायामीहून निघालं, आत १७२ माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांमधला एक छोटा भाग बदललेला, ऑइलमध्ये लोखंडाचा कण येतोय का ते बघणारा. त्याला रबरी रिंग लावावी लागते. मेकॅनिकना तो भाग नेहमी रिंग लावूनच तयार मिळायचा. त्या रात्री तयार नव्हता, स्टोअरमधून नवीन आणला, आणि हाताला सवय अशी की रिंग असणारच. तिन्हींना नव्हती. तिन्हींतून ऑइल गळालं. एक इंजिन आधीच बंद केलेलं, मग परत येताना समुद्रावर उरलेली दोन्ही बंद पडली. शेवटी पहिलं बंद केलेलं इंजिन परत चालू झालं आणि त्या एकावर विमान मायामीला उतरलं. सगळे वाचले.

तीन इंजिनं होती, पण चूक एकच होती, तीन वेळा केलेली. त्यामुळे आता शक्यतो एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचं तेच काम करायचं नाही, करावंच लागलं तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र बघायचं.

त्या मेकॅनिकला जेलमध्ये टाका

प्रत्येक बातमीखाली हे वाक्य असतं. मला राग समजतो. आणि जाणूनबुजून खोटी सही करणारा, दारू पिऊन कामावर येणारा, त्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण वरच्या तिन्ही गोष्टींत तशी कुणाचीच लबाडी नव्हती.

आणि शिक्षेच्या भीतीने काय होतं ते बघा. रात्री तीनला घरी गेलेल्या माणसाला अंथरुणात आठवतं, अरे, ती ऑइलची टोपी लावली का मी? फोन केला तर नोकरी जाणार असेल तर तो फोन करणार नाही, स्वतःला समजावेल की लावलीच असेल. फोन केला तर "बरं झालं सांगितलंस" असं म्हणणारा साहेब असेल तर विमान थांबेल. असं म्हणणाऱ्या साहेबाच्या हाताखालची विमानं जास्त सुरक्षित असतात, इतकं ते साधं आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा अशी एक व्यवस्था चालवतं जिथे पायलट, मेकॅनिक, कुणीही आपली चूक गुप्तपणे कळवू शकतं.

१९९१ च्या त्या टेक्सासच्या अपघातात चौकशी मंडळातले एक सदस्य, जॉन लॉबर, यांनी बाकीच्यांपेक्षा वेगळं मत लिहिलं, की नियम पाळायची सवय कंपनीच्या व्यवस्थापनानेच लावली नव्हती, तेही अपघाताच्या कारणात धरा. मला ते पटतं. रात्री माणसं कमी कुणी ठेवली, पहाटे सहाला विमान सोडायचंच असा दबाव कुणाचा, हे विचारायला पाहिजे. १९९३ च्या सुमारास कॅनडाच्या वाहतूक खात्यातले गॉर्डन ड्युपाँट यांनी अशा चुकांमागची बारा कारणं काढली होती. त्यात थकवा, दबाव, लक्ष उडणं हे आहेच, पण एक कारण आहे "इथे असंच करतात". कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वाक्य ओळखीचं वाटेल.

चूक किती दिवस लपून राहते

लगेच दिसली तर बरं म्हणायचं. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका जंबो विमानाची शेपटी ओसाकाला उतरताना जमिनीला घासली. मागची दाब धरून ठेवणारी भिंत दुरुस्त केली, पण जोडपट्टी चुकीची बसल्याने जिथे रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे एकाच ओळीवर आला. आपल्याकडे युनिफॉर्म शिवणाऱ्यांना विचारा, दुहेरी शिवणीच्या जागी एकेरी मारली तर कपडा नवा असताना कळत नाही. ते विमान तसंच सात वर्षं, १२ हजारांहून जास्त वेळा उडालं, प्रत्येक वेळी आतून फुगलं आणि सैल झालं, आणि १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फाटली. ५२० माणसं गेली, चार वाचली.

पंखाला चिकटपट्टी, आणि "तांत्रिक कारणामुळे उशीर"

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फोटो येतो, विमानाच्या पंखाला चंदेरी टेप लावलेली. ती साधी टेप नसते, अ‍ॅल्युमिनियमची खास टेप असते, बाहेरच्या किरकोळ जागी, तात्पुरती, मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तिथेच लावतात आणि त्याचीही नोंद होते. घाबरायचं कारण नाही.

तसंच "एक गोष्ट बिघडलेली असताना विमान सोडलंच कसं" हा आरोप. प्रत्येक विमानासाठी एक मंजूर यादी असते, काय बंद असलं तरी उडता येईल आणि किती दिवस. काहींना ३ दिवस, काहींना १०, बारीकसारीक गोष्टींना १२०. एसटीत डोक्यावरचा दिवा लागत नसला तर गाडी सुटते, ब्रेक लागत नसेल तर सुटत नाही, तेच इथे लिहून ठेवलेलं असतं. यादीत नाही म्हणजे उडायचं नाही.

आणि उशीर. मागे एकदा विमानतळावर दोन तास बसलो होतो, एक गृहस्थ काउंटरवरच्या पोरीवर इतके ओरडत होते की ती रडायला आली. कदाचित त्याच वेळी खाली कुणीतरी एएमई मॅन्युअल उघडून, स्टोअरमधून बरोबर नंबरचा पार्ट मागवून वाट बघत असेल. नजरेने जुळवून बसवला असता तर आपण वेळेत निघालो असतो. तो ओरडा शेवटी त्याच्यापर्यंतच पोचतो, "लवकर करा, पॅसेंजर चिडलेत" असा.

मग जावं का नाही?

मावशींना मी सांगितलं, जा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्याच्यापुढे विमान कितीतरी सुरक्षित आहे, पंख्याचं छोटं विमान असलं तरी. गोव्याला जातं ते एटीआर जातीचं विमान, त्याची शेपटीसुद्धा टी सारखी उंच, आणि तिची वरची बाजू बघायला शिडी लावावी लागते हे त्यांच्या लोकांना चांगलं माहीत असतं. १९९० ची काच, १९९१ चे स्क्रू, प्रत्येकातून कुठला तरी नियम निघालाय.

मावशींनी मग विचारलं की मी आत बसून काय करायचं, नुसता देवाचा धावा? तर हे. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं एक जुनं बोइंग, ८९ हजारांहून जास्त फेऱ्या झालेलं, त्याच्या पुढच्या भागाचं छप्पर हवेत उडून गेलं आणि एक एअर होस्टेस गेली. चौकशीत कळलं की चढताना एका प्रवासी बाईला दरवाज्याजवळ रिव्हेटच्या ओळीत चीर दिसली होती. ती कुणाला काही बोलली नाही, आणि विमान उडालं.

म्हणून काही वेगळं दिसलं, पंखातून गळतंय, पत्रा फडफडतोय, जळका वास येतोय, तर एअर होस्टेसला सीट नंबर आणि कुठली बाजू ते सांगायचं, मराठीत सांगितलं तरी चालतं. ती इंटरकॉमवरून पायलटला कळवते. मावशी म्हणाल्या, "आणि काही नसलं तर हसतील की मला." मी म्हटलं, हसू देत. त्या जुलैत जाऊन आल्या, जाताना खिडकीची सीट मागून घेतली होती, पंख्याच्या मागची.